कर्मचाऱ्यांचे आरोग्य आणि बक्षिसाची मर्यादा



आपल्या परिवारातील अनेक मंडळी स्वतः मालक अथवा संस्थाचालक आहेत. कोणाचे दुकान आहे, कोणाची फाउंड्री, कोणाची शाळा, तर कोणाचे मंगल कार्यालय. त्याहून कितीतरी अधिक मंडळी अशा ठिकाणी नोकरी करून संसार चालवितात. या दोन्ही वर्गांच्या कानी अलीकडे एक कल्पना वारंवार पडू लागली आहे. कर्मचाऱ्याने आपली प्रकृती सांभाळावी म्हणून मालकाने त्याला बक्षीस द्यावे, अशी ती कल्पना. हे बक्षीस कधी रोख रकमेचे असते, कधी भेटकूपनाचे, कधी जादा रजेचे, तर कधी विम्याच्या हप्त्यातील सवलतीचे.

हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणजे योजना चांगली होतेच असे नाही. अविचाराने आखलेल्या योजनेत बक्षीस आधीच धडधाकट असलेल्याच्या खिशात जाते आणि ज्याला खरी मदत हवी त्याच्या पदरी संकोच व मनस्ताप येतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयावर देशात व परदेशात काळजीपूर्वक प्रयोग झाले आहेत. त्यांतून काय हाती लागले, याचा साध्या भाषेत परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

बक्षिसाची गरज का भासते?

तंबाखूने अपाय होतो हे तंबाखू मळणाऱ्याला ठाऊक असते. रक्तातील साखर तपासून घ्यावी हेही चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. अडचण ज्ञानाची क्वचितच असते. तंबाखूची तलफ आत्ता भागते आणि तिचा दंड वीस वर्षांनी भरावा लागतो. तपासणीचा कंटाळा आजचा असतो आणि तिचा लाभ पुढे केव्हातरी मिळावयाचा असतो. मनुष्यस्वभाव आजच्या सुखदुःखाला अधिक वजन देतो आणि उद्याचे उद्यावर टाकतो.

बक्षिसाचे काम इथेच आहे. दूरचा लाभ थोडासा जवळ आणून ठेवणे, म्हणजे आजच्या कंटाळ्यासमोर आजचेच काहीतरी ठेवणे, एवढेच बक्षीस करू शकते. एवढे जरी साधले तरी ते कमी नव्हे. मात्र याहून अधिक अपेक्षा केली की निराशा पदरी येते.

तंबाखू सोडविण्याचे दोन प्रयोग

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या ८७८ धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे कर्मचाऱ्यांचे दोन गट करण्यात आले. धूम्रपान सोडविणाऱ्या वर्गांची माहिती दोन्ही गटांना दिली गेली. एका गटाला त्याशिवाय टप्प्याटप्प्याने पैसे देऊ केले: वर्ग पूर्ण केल्यास १०० डॉलर, सहा महिन्यांच्या आत धूम्रपान सोडल्यास २५० डॉलर आणि पुढील सहा महिने सोडलेलेच ठेवल्यास ४०० डॉलर. केवळ तोंडी शब्दावर पैसे दिले गेले नाहीत, तर शारीरिक तपासणी करून खात्री करण्यात आली.

नऊ ते बारा महिन्यांनी पाहिले असता बक्षीस असलेल्या गटात १४.७ टक्के, तर दुसऱ्या गटात ५ टक्के लोक धूम्रपानमुक्त होते. पंधरा ते अठरा महिन्यांनी हे प्रमाण अनुक्रमे ९.४ व ३.६ टक्के राहिले. म्हणजे काहीजण पुन्हा घसरले हे खरे, पण बक्षिसामुळे पडलेला फरक टिकून राहिला. त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे, की बक्षीस असूनही दहांतील नऊजणांना व्यसन सुटले नाही. व्यसन किती चिवट असते, याची ही साक्ष आहे.

दुसरा प्रयोग सीव्हीएस केअरमार्क या औषधविक्री कंपनीच्या पुढाकाराने झाला. त्यात २,५३८ व्यक्ती होत्या आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. येथे काहींना ८०० डॉलरपर्यंतचे सरळ बक्षीस देऊ केले. काहींना मात्र अट घातली, की आधी स्वतःचे १५० डॉलर ठेव म्हणून ठेवा. सहा महिने धूम्रपान सोडले तर ठेव परत आणि वर ६५० डॉलर, अन्यथा ठेव बुडाली. सरळ बक्षिसाची योजना १०० पैकी ९० जणांनी स्वीकारली, ठेवीची मात्र १०० पैकी सुमारे १४ जणांनीच. ज्यांनी ठेव ठेवण्याचे धाडस केले त्यांच्यात यश अधिक दिसले, कारण स्वतःच्या खिशातील पैसा जाण्याची धास्ती मोठी असते. परंतु एकंदर गटाचा विचार करता सरळ बक्षीसच सरस ठरले, कारण कितीही प्रभावी औषध असले तरी ते घेणाराच नसेल तर त्याचा उपयोग काय?

आपल्याकडे हा विषय अधिकच जवळचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणाऱ्यांची संख्या अधिक होती. तंबाखूसाठी बक्षीस चालते याचे कारण असे, की कृती एक आहे, स्पष्ट आहे, तपासता येते आणि ती न केल्यास होणारी हानी निर्विवाद आहे.

जे आधीच निरोगी, तेच पुढे येतात

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक व्यापक आरोग्य योजना सुरू केली. तपासणी, प्रश्नावली, व्यायामाचे व आहाराचे वर्ग असे सर्व काही तिच्यात होते. अभ्यासात ४,८३४ कर्मचारी सहभागी झाले आणि योजनेचा लाभ कोणाला द्यावयाचा हे चिठ्ठीने ठरविण्यात आले. आरोग्य तपासणीसाठी काहींना काहीच रक्कम दिली नाही, काहींना १०० डॉलर, तर काहींना २०० डॉलर देऊ केले.

काही न देता सुमारे ४७ टक्के लोकांनी तपासणी पूर्ण केली. १०० डॉलर दिल्यावर हे प्रमाण सुमारे ५९ टक्के झाले. रक्कम दुप्पट केल्यावर मात्र ते केवळ ६३ टक्क्यांपर्यंत गेले. पहिल्या रकमेने दाराशी घुटमळणारे आत आले, पण दुसऱ्या रकमेने फारसे कोणी वाढले नाही.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आहे. योजनेत भाग घेणारे लोक आधीपासूनच अधिक निरोगी होते आणि त्यांचा वैद्यकीय खर्च आधीपासूनच कमी होता. चिठ्ठीने पाडलेल्या दोन्ही गटांची जेव्हा प्रामाणिक तुलना केली, तेव्हा वैद्यकीय खर्चात, सवयींत व कामावरील गैरहजेरीत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१९ मध्येच बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीतील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे १६० ठिकाणच्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांचा विचार केला होता. ज्या दुकानांत योजना राबविली तेथील अधिक लोकांनी आपण नियमित व्यायाम करतो असे सांगितले. पण अठरा महिन्यांनंतरही रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वैद्यकीय खर्च आणि गैरहजेरी यांत फरक पडलेला दिसला नाही.

यातील फसगत एका घरगुती उदाहरणाने समजेल. डोंगरावरील देवस्थानाच्या दोनशे पायऱ्या पहाटे चढून येणारे भाविक बहुधा ठणठणीत असतात. तेवढ्यावरून पायऱ्यांनीच त्यांना ठणठणीत केले असे म्हणता येईल काय? ज्यांचे गुडघे दुखतात ते त्या पायऱ्या चढतच नाहीत, म्हणून ते आपल्या दृष्टीस पडत नाहीत. योजनेत सामील झालेल्यांची सामील न झालेल्यांशी तुलना करून यशाचे ढोल वाजविणाऱ्या अहवालांत नेमकी हीच चूक असते.

वजनकाट्यावरचे बक्षीस

२०२२ च्या एप्रिलमध्ये बेंगळुरू येथील झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर केले, की ज्या कर्मचाऱ्याचा बीएमआय २५ पेक्षा कमी असेल त्याला अर्ध्या महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळेल. वजनाच्या किलोग्रॅमच्या आकड्याला उंचीच्या मीटरमधील आकड्याच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो तो बीएमआय. या घोषणेचे काहींनी कौतुक केले, तर अनेकांनी टीका केली.

टीकेत तथ्य होते. या अंकाला स्नायू कोणते आणि चरबी कोणती हे कळत नाही. पोटाभोवती साठलेली चरबी आणि अंगभर विखुरलेली चरबी यांतही तो फरक करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच सुचविले होते, की आशियाई लोकांत २३ या अंकापासूनच धोका वाढू लागतो. म्हणजे २४ अंक असलेला आपल्याकडील माणूस बक्षीस घेऊन निर्धास्त घरी जाईल आणि त्याला मधुमेह मात्र जडलेला असेल. उलट थायरॉइडचा विकार, काही औषधे, बाळंतपण किंवा आनुवंशिकता यांमुळे एखाद्याचे वजन प्रयत्न करूनही उतरत नाही. त्याने रोज पाच किलोमीटर चालूनही त्याला काही मिळणार नाही आणि शेजारच्या टेबलावरील जन्मजात सडपातळ सहकारी काही न करता बोनस घेईल.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच कंपनीने नवे आव्हान ठेवले. प्रत्येकाने स्वतःसाठी रोजच्या हालचालीचे लक्ष्य ठरवावे आणि वर्षातील ९० टक्के दिवस ते पूर्ण केल्यास एका महिन्याच्या पगाराइतका बोनस घ्यावा, असे त्याचे स्वरूप होते. शरीराच्या मापाऐवजी कृतीला बक्षीस देणे हा निश्चितच चांगला बदल होय. कृती माणसाच्या हाती असते. शरीराचे माप पूर्णपणे त्याच्या हाती नसते.

बक्षिसाची दुसरी बाजू म्हणजे दंड. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने, म्हणजेच पेन स्टेटने, २०१३ मध्ये आरोग्यविषयक ऑनलाइन प्रश्नावली न भरणाऱ्या व तपासणी न करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर दरमहा १०० डॉलर आकारण्याचे ठरविले. प्रश्नावलीत वैवाहिक अडचणी, कामावरचा ताण, गर्भधारणेचा विचार यांसारखे अत्यंत खासगी प्रश्न होते. प्राध्यापकांनी तीव्र विरोध केला आणि सप्टेंबरमध्ये तो दंड स्थगित करावा लागला. मालकाला नोकराच्या आरोग्याची काळजी असावी, पण नोकराच्या घरात डोकावण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

आधी सोय, मग बक्षीस

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या सहकार्याने झालेला प्रयोग कर्मचाऱ्यांविषयी नसून बालकांच्या लसीकरणाविषयी होता, पण त्याचा बोध सर्वत्र लागू पडतो. १३४ गावांत हा प्रयोग झाला आणि निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत काहीच विशेष केले नाही तेथे ६ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले. ज्या गावांत दरमहा नियमाने शिबिर भरले तेथे हे प्रमाण १८ टक्के झाले. जेथे शिबिरासोबत प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तेथे ते ३९ टक्क्यांवर गेले.

क्रम ध्यानात घ्यावा. आधी सोय घराजवळ आली, वेळेवर आली आणि ठरलेल्या दिवशी हमखास आली. त्यानंतर लहानशा भेटीने उरलेला कंटाळा दूर केला. शिबिरच भरत नसते तर डाळ देऊन काय उपयोग झाला असता?

कारखान्यातही हेच आहे. बेळगावच्या एखाद्या फाउंड्रीत भट्टीजवळ राबणाऱ्या कामगाराला रोज दहा हजार पावले चालण्याबद्दल बक्षीस जाहीर करणे हास्यास्पद ठरेल. त्याला आधी थंड पाणी, सावली आणि विश्रांतीची सुट्टी हवी. दिवसभर उभ्याने माल दाखविणाऱ्या विक्रेतीला स्टूल हवे. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले, ते याच कारणासाठी. सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, पिण्याचे शुद्ध पाणी, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था, या गोष्टी १९४८ च्या कारखाने कायद्यातच सांगितल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने घेतली असून ४० वर्षांवरील कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीची तरतूद तिच्यात आहे. या सर्व गोष्टी कामगाराच्या हक्काच्या होत. हक्काची वस्तू बक्षीस म्हणून देणे शोभत नाही.

कामाची रचना आणि हृदयाचे आरोग्य

लंडनमधील सुमारे १८,००० सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ पासून सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास या नावाने तो प्रसिद्ध आहे. सर मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की शिपाई, निरोपे अशा सर्वांत खालच्या श्रेणीतील लोकांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या कारणांनी या तफावतीचा काही भागच उलगडला. १९८५ पासून स्त्रीपुरुष मिळून दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास झाला. आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे, म्हणजे केव्हा काय करावे याविषयी काहीच बोलता न येणे, याचा हृदयविकाराशी संबंध असल्याचे त्यातून दिसले.

म्हणून पाळी कधी बदलणार हे आधी कळणे, अडचणीला रजा मिळणे आणि वरिष्ठाने आदराने बोलणे हीदेखील आरोग्याची साधने आहेत. त्यांना पैसे फार पडत नाहीत, मात्र मनाचा मोठेपणा लागतो.

हजेरीच्या बक्षिसाचा धोका

काही ठिकाणी महिनाभर एकही रजा न घेणाऱ्यास बक्षीस देण्याची प्रथा आहे. वरवर ती शिस्तीची वाटते. पण विचार करा: महाप्रसादाच्या स्वयंपाकघरातील आचाऱ्याला महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी जुलाब होऊ लागले तर तो काय करील? बक्षीस बुडू नये म्हणून तो कामावर येईल आणि त्याच हातांनी शेकडो पाने वाढली जातील. जुलाब-उलट्या थांबल्यानंतरही किमान ४८ तास अशा व्यक्तीने अन्नाला हात लावू नये, असा आरोग्यशास्त्राचा संकेत आहे. अशा वेळी सांगून घरी राहणाऱ्याचा पगार कापला जाऊ नये. जेथे अन्नाशी संबंध येतो, मग ते देवालय असो, मंगल कार्यालय असो वा खानावळ, तेथे हजेरीचे बक्षीस तत्काळ बंद करणे श्रेयस्कर.

संस्थाचालकांसाठी काही सूत्रे

१. पाणी, विश्रांती, बसण्याची जागा, स्वच्छ प्रसाधनगृह आणि आजारपणाची रजा यांची व्यवस्था आधी पूर्ण करावी. बक्षिसाचा विचार त्यानंतर करावा.

२. बक्षीस कृतीला द्यावे, शरीराला नको. तपासणी करून घेणे, तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाला जाणे, ठरलेले दिवस चालणे या कृती होत. वजन वा कंबरेचा घेर ही कृती नव्हे.

३. रक्कम लहान असावी, पण लगेच मिळावी. कोईम्बतूर येथे मधुमेह असलेल्या वा जडण्याच्या मार्गावरील सुमारे ३,२०० व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात रोजची पावले पूर्ण केल्याबद्दल मोबाइल रिचार्जच्या रूपाने लहानसे बक्षीस दिले. तेवढ्यानेही चालणे सुमारे २० टक्क्यांनी वाढले.

४. तपासणी कामाच्या वेळेत व्हावी. त्या दिवसाचा पगार कापू नये.

५. तपासणीचा अहवाल डॉक्टर व कर्मचारी यांच्यातच राहावा. मालकाने तो मागू नये आणि फलकावर कोणाचेही नाव वा आकडा लावू नये.

६. अपंग, दीर्घकाळ आजारी वा गर्भवती कर्मचाऱ्याला तेवढेच बक्षीस मिळविण्याचा दुसरा, त्याला झेपणारा मार्ग द्यावा.

७. भाग न घेणाऱ्यास दंड करू नये, टोमणाही मारू नये.

८. यश मोजताना केवळ सहभागींकडे पाहू नये. जे आले नाहीत ते का आले नाहीत, हे आदराने विचारावे. बहुधा ज्यांना गरज अधिक असते तेच मागे राहतात.

तात्पर्य असे, की बक्षीस हे एक लहान साधन आहे. एखादी सोपी, स्पष्ट व स्वतःच्या हातातील कृती करण्यास ते माणसाला प्रवृत्त करते. तेवढ्यापुरते ते अवश्य वापरावे. मात्र बारा तासांची पाळी, अपुरा पगार आणि कोंदट खोली यांची भरपाई दिवाळीच्या भेटकूपनाने होत नाही. जो आपल्याकडे राबतो त्याच्या शरीराची जबाबदारी काही अंशी आपल्यावर असते, आणि ती कामाच्या जागेपासून सुरू होते.

ज्या सभासदांनी आपल्या दुकानात वा कारखान्यात असा काही उपक्रम राबविला असेल, त्यांनी त्याचा अनुभव, यशाचा वा अपयशाचा, लेखी स्वरूपात कार्यालयात अवश्य द्यावा. इतरांस त्याचा उपयोग होईल.

आपला स्नेहांकित,
सचिव